पाव सेकंदाचा हिशेब

रात्री साडेनऊला शेजाऱ्यांनी दार वाजवलं, तेव्हा त्यांच्या हातात दोन टॉर्च होते. त्यातला एक माझ्यासाठी. संध्याकाळी त्यांनी सोडलेला बाण हरणाला लागला होता, पण जिथं लागायला हवा तिथं लागला नव्हता. ओकच्या वाळलेल्या पानांवर रक्ताचा एकेक थेंब शोधत आम्ही मध्यरात्र उलटेपर्यंत रानात फिरलो. शेवटचा थेंब ओढ्याच्या काठावर सापडला, पलीकडे काहीच नव्हतं. उजाडल्यावर ते पुन्हा एकटे जाऊन आले. हरीण मिळालं नाही. उरलेला हंगाम त्यांनी क्रॉसबोला हात लावला नाही.

आमचं घर ओहायो राज्यात, अ‍ॅक्रन शहराच्या बाहेर आहे. इथं पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार परवाना काढून, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या संख्येतच करता येते. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरअखेर सुरू होतो तो फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत चालतो. दस्ता आणि घोडा असलेल्या आडव्या धनुष्याला, म्हणजे क्रॉसबोला, या राज्यानं 1970च्या दशकातच परवानगी दिली. शेजारच्या पेनसिल्वेनियात धनुष्याच्या हंगामात तो सर्वांना वापरता यायला 2009 साल उजाडलं. टेनपॉइंट ही क्रॉसबो बनवणारी मोठी कंपनीही आमच्या जवळच, मोगाडोर गावात आहे.

मी मूळचा कोल्हापूरचा. आपल्याकडे 1972चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार हा विषय आजोबांच्या पिढीबरोबर संपला. मी स्वतः शिकार करत नाही, करणारही नाही. पण त्या ओढ्याकाठची रात्र डोक्यातून जात नव्हती. पुढच्या उन्हाळ्यात शेजारी नवा क्रॉसबो घ्यायला निघाले आणि म्हणाले, ‘‘तू यंत्रातला माणूस आहेस, बरोबर चल.’’ मी लगेच गाडीत बसलो.

दुकानदारानं काउंटरवर तीन क्रॉसबो मांडले. पहिला रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं जुन्या वळणाचं धनुष्य. दुसरा कंपाउंड, दोन्ही टोकांना कप्प्या असलेला. तिसरा उलट्या बांधणीचा. प्रत्येकाच्या खोक्यावर एक आकडा मोठ्या अक्षरात छापला होता, बाणाचा वेग, सेकंदाला इतके फूट. 360, 400, 420. गिऱ्हाईक आधी तोच आकडा वाचतं. शेजाऱ्यांनीही तोच वाचला आणि त्यांचा हात तिसऱ्याकडे गेला.

माझा हात पहिल्याकडे गेला, कारण तो मला ओळखीचा वाटला. आमच्या घरामागं ट्रकचं गॅरेज होतं. मागच्या चाकांवर बसवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या थराला तिथले मेस्त्री कमानपाटे म्हणायचे. फारसीत कमान म्हणजे धनुष्यच. क्रॉसबोचे दोन हातही पाटेच आहेत, फक्त पोलादाऐवजी काचतंतूंचे. वाकवले की जोर साठवतात, सोडले की परत देतात. तिन्ही यंत्रांत हे सारखंच आहे. तो जोर कसा साठवायचा, इथं वाटा फुटतात.

रिकर्व्हची दोरी ओढायला लागलं की जोर एकसारखा चढत जातो. सुरुवातीला हलकी, शेवटी सर्वांत जड. आलेख काढला तर जवळजवळ त्रिकोण. 260 पौंडांचा ताण आणि 12 इंचांची ओढ धरली, तर त्रिकोणाच्या क्षेत्रफळाच्या हिशेबानं साठलेली ऊर्जा भरते साधारण 130 फूट-पौंड. कंपाउंडमध्ये टोकांना लंबवर्तुळी कप्प्या असतात. त्या फिरतात तसा जोर झपकन वर चढतो, बराच वेळ तिथंच टिकतो आणि शेवटी पुन्हा उतरतो. त्रिकोणाचा जवळजवळ चौकोन होतो. त्यामुळे 175 पौंडांच्या ताणात, थोड्याच जास्त ओढीत, 150 फूट-पौंडांच्या वर ऊर्जा मावते. कमी ताकदीत जास्त काम, ते या आकारामुळे.

ही कप्पीची कल्पना मिसूरी राज्यातल्या होलेस विल्बर अ‍ॅलन यांची. त्यांनी 1966 साली पेटंटसाठी अर्ज केला आणि 1969 साली ते मिळालं. त्यांनी ती हातातल्या धनुष्यासाठी शोधली होती. तिथं शेवटी जोर उतरल्यामुळे नेम धरून उभ्या असलेल्या माणसाच्या हाताला आराम मिळतो. क्रॉसबोमध्ये दोरी हातात नसते, घोड्यामागची खिटी ती अडवून धरते. म्हणजे आराम मिळतो तो खिटीला. रिकर्व्हची खिटी तासन्‌तास पुरते 260 पौंड धरून बसते.

उलट्या बांधणीत धनुष्याचा मधला भाग मागं, घोड्याजवळ येतो आणि पाटे पुढच्या दिशेला जातात. त्यामुळे दोरी मुळातच पुढं असते आणि तेवढ्याच लांबीच्या यंत्रात ओढ काही इंचांनी वाढते. शिवाय पुढचं वजन मागं सरकतं, नेम धरताना नाक खाली झुकत नाही. आयोवातल्या स्कॉर्पिड कंपनीचं नाव या बांधणीशी जोडलेलं आहे. मी हातात घेऊन पाहिला, तोल खरोखर सुंदर होता. पण कप्प्या आणि केबल यांची गुंतागुंत कंपाउंडइतकीच.

मी दुकानातल्या कागदाच्या पाठीवर दुसरा हिशेब मांडला. तो त्या रात्रीपासून डोक्यात होता.

शेजाऱ्यांनी मागच्या वर्षी बाण सोडला तो 50 यार्डांवरून, म्हणजे 150 फुटांवरून. वेग साधारण 350 फूट. बाणाला पोहोचायला 0.43 सेकंद. दोरीचा आवाज मात्र सेकंदाला 1,100 फुटांहून जास्त वेगानं जातो, हरणाच्या कानावर तो 0.13 सेकंदातच पडतो. मधे 0.3 सेकंद उरतात. दचकलेलं हरीण पळण्यासाठी आधी पाय दुमडून खाली बसतं. मग उडी. नुसतं वजनानं खाली यायला लागलं तरी 0.2 सेकंदात शरीर 20 सेंटीमीटर खाली येतं. छातीतली, लगेच मरण आणणारी जागा उंचीला साधारण तेवढीच. बाण नेम धरला होता तिथंच गेला, हरीण तिथं राहिलं नव्हतं.

आता अंतर 30 यार्ड धरू. 350च्या वेगानं बाणाला लागतो पाव सेकंद, त्यातला 0.08 सेकंद आवाजाच्या प्रवासात जातो. हरणाला उरतात 0.18 सेकंद. वेग 400 केला तर 0.15. खोक्यावरच्या आकड्यातल्या 50 फुटांनी हाती आलं ते 0.03 सेकंद. 50 यार्डांवरून 30वर आल्यानं मात्र 0.12 सेकंद मिळतात, आणि त्यासाठी एक डॉलरही लागत नाही.

अंतराच्या अंदाजाचंही तसंच. क्रॉसबोवरची दुर्बीण 30 यार्डांना जुळवलेली असताना हरीण 40वर असेल, तर 350च्या वेगाचा बाण साधारण 15 सेंटीमीटर खाली लागतो, 400चा 11. चार सेंटीमीटरचा फरक खरा आहे, मी तो नाकारत नाही. पण अंतर मोजायचं छोटं यंत्र खिशात असलं तर पूर्ण 15 सेंटीमीटरची चूक टळते. शिवाय खोक्यावरचा वेग हलक्या बाणाचा असतो. तोच क्रॉसबो जड बाण लावून चालवला तर वेग उतरतो, पण यंत्रात वाया जाणारी ऊर्जा कमी होते, दणका नि आवाज घटतो आणि बाण खोल जातो. ज्याला जनावर झटकन मरावं असं मनापासून वाटतं, त्यानं आवाजाकडे आधी बघावं, वेगाकडे नंतर.

शेजारी कागद बराच वेळ बघत राहिले. मग घडी करून खिशात ठेवला.

मग खरी निवड सुरू झाली. रिकर्व्हची बाजू मी जोरात मांडली, कारण माझं मन तिथंच होतं. कप्पी नाही, केबल नाही, जुळवाजुळव नाही. दोरी तुटली तर एका साध्या दोराच्या मदतीनं रानात बसूनही नवी चढवता येते. कंपाउंडची दोरी बदलायची तर पाटे दाबून धरणारा साचा लागतो, म्हणजे पुन्हा दुकान गाठा. कॅनडातल्या एक्सकॅलिबर कंपनीनं याच साधेपणावर आपलं नाव कमावलं. वस्तीपासून चार दिवस दूर जाणाऱ्या माणसानं दुसरं काही घेऊ नये असं माझं आजही मत आहे.

पण रिकर्व्ह ताणायला शक्ती लागते. पुढच्या रिकिबीत पाय अडकवायचा, दोराचे आकडे दोरीला लावायचे आणि दोन्ही मुठी छातीपर्यंत ओढायच्या. दोरामुळे जोर निम्मा होतो, तरी 130 पौंड उरतातच. शेजारी 66 वर्षांचे, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. एकदा ओढून पाहिलं आणि दोरी अर्ध्यावर सोडून दिली. हातानं ओढताना एक बाजू जरा जास्त आली तरी बाण बाजूला जातो, आणि दुखरा खांदा नेमका तेच करतो.

रुंदीही आड आली. ते मचाणावर बसतात, ओकच्या खोडाला टेकून. रिकर्व्ह आडवा दोन-अडीच फूट, वळताना फांदीला लागणार. घोडा दाबताना पाट्याचं टोक फांदीवर आपटलं तर बाण भलतीकडेच. रेविनसारख्या कंपन्यांच्या नव्या कंपाउंडमध्ये कप्प्या जवळजवळ पूर्ण वेढा फिरतात, त्यामुळे ताणलेला क्रॉसबो कप्पीपासून कप्पीपर्यंत जेमतेम 6 इंच उरतो. मचाणावर माणसाच्या खांद्यांपेक्षा अरुंद. आणि दस्त्यातल्या हँडलनं दोरी विहिरीच्या रहाटासारखी फिरवून ताणायची. खांद्याला त्रास नाही, दोन्ही बाजू सारख्या.

दुकानदार सावध माणूस. पैसे घेण्याआधी त्यानं तीन गोष्टी करून दाखवल्या. बाण ज्यात बसतो त्या पन्हळीच्या दोन्ही बाजूंच्या पंखांखालीच डाव्या हाताची बोटं ठेवायची, अंगठा वर आला तर दोरी तो घेऊन जाते. बाण न लावता घोडा दाबला तर सगळी ऊर्जा पाट्यांतच फुटते, म्हणून रिकाम्या पन्हळीत घोडा अडवणारी खिटी काम करते का ते दर वेळी बघायचं. आणि बाणाच्या बुडाची खाच त्याच यंत्रासाठी सांगितलेली हवी. सपाट बुडाच्या जागी चंद्रकोरी किंवा उलटं वापरलं, तर दोरी बाणाच्या वरून सटकू शकते. ‘‘खाच चुकवून दोरी तोडून घेतलेली माणसं मी बघितली आहेत,’’ तो म्हणाला आणि भात्यातला एकेक बाण उलटा करून शेजाऱ्यांच्या तळहातावर ठेवत गेला.

शेजाऱ्यांनी अरुंद कंपाउंड घेतला, हँडलवाला. तिन्हींत सर्वांत वेगवान तो नव्हता. बरोबर जड बाणांचा एक डझन आणि अंतर मोजायचं यंत्र. हँडल उलटं फिरवून दोरी पुन्हा सैल सोडता येते का, हे त्यांनी तीनदा विचारलं आणि स्वतः करून पाहिलं. पूर्वीच्या क्रॉसबोत ती सोय नव्हती. दोरी सैल करायची तर रोज संध्याकाळी एक बाण जमिनीत सोडावा लागे.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी मी त्यांच्याबरोबर मचाणावर बसलो. 30 यार्डांवरच्या सहा झाडांना त्यांनी पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या बांधल्या होत्या. सूर्य बुडाला. मक्याच्या कडेनं एक मोठा नर आला आणि पट्टीच्या पलीकडे, साधारण 40 यार्डांवर थांबला. मान ताठ, कान आमच्या दिशेला. शेजाऱ्यांनी दुर्बिणीतून बघितलं. घोड्याकडे बोट गेलं नाही. दोन-तीन मिनिटं तो तसाच उभा होता, मग ओढ्याकडे उतरला.

सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं कायद्याची वेळ संपते. घड्याळ बघून त्यांनी बाण काढून भात्यात ठेवला, दस्ता मांडीवर घेतला आणि हँडल हळूहळू उलटं फिरवायला सुरुवात केली. अंधारात कप्प्या परत आपल्या जागी येत होत्या.