विंचूदंश : ग्रामीण अनुभवशिक्षणाची पूर्वतयारी

शहरी रुग्णालयात शिकलेला वैद्यकीय विद्यार्थी पाथर्डी तालुक्यातील तिसगावसारख्या गावी काही आठवड्यांच्या अनुभवशिक्षणास निघतो, तेव्हा विषचिकित्सा हा विषय त्याला जवळजवळ परकाच असतो. त्याकरिता जाडजूड ग्रंथ सोबत नेणे फारसे उपयोगाचे नाही. तांबड्या विंचवाच्या दंशात केवळ वेदनेवरून धोका ठरविता येत नाही. वांती, दरदरून घाम व थंडगार पडलेले हातपाय ही खरी पूर्वचिन्हे होत. विषामुळे ॲड्रेनलिनवर्गीय द्रव्ये रक्तात उसळतात, रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येऊन पुढे फुप्फुसांत पाणी साठते. महाड येथील डॉ. हिंमतराव व डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा क्रम रुग्णांच्या उशाशी बसून टिपला. प्राझोसिनच्या उपयोगाविषयीचे त्यांचे टिपण १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांच्याच २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत केवळ प्राझोसिन दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ८, तर जोडीस प्रतिविषही दिलेल्या ३५ पैकी ३२ रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. तेव्हा ही दोन्ही औषधे केंद्रात आहेत काय, याची चौकशी विद्यार्थ्याने निघण्यापूर्वीच करावी. प्राझोसिनने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो. म्हणून ते दिल्यावर रुग्णास निजवूनच ठेवावे, ही गोष्ट नातेवाइकांना सोप्या मराठीत सांगता येणे हाही पूर्वतयारीचाच भाग होय.