उंदीर, पोवळ्यासारखी बुरशी आणि तिसरा रकाना

'तुलना करा' हा प्रश्न वर्गात बहुधा रकाने भरण्यापुरताच उरतो. म्हणून आम्ही येथे मुद्दाम एक विचित्र जोडी घेतली आहे. दोघांचेही घर अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातील सूचिपर्णी जंगलात. एक, तांबूस पाठीचा, जेमतेम वीसएक ग्रॅम वजनाचा रानउंदीर. दुसरी, रामारिया नावाची बुरशी. ती जमिनीतून वर येते तेव्हा पिवळ्या-गुलाबी फांद्यांचे पोवळेच वाटते. (खरे पोवळे म्हणजे प्राण्यांची वसाहत, इथे साम्य केवळ आकाराचे.)

आता तिसरा रकाना आखा आणि त्यात तिथलेच डग्लस फरचे झाड लिहा. मग मुलांना विचारा, या तिघांत जवळचे नातेवाईक कोण? 'बुरशी आणि झाड' हे उत्तर हमखास येईल. दोन्ही जागचे हलत नाहीत, दोन्हींच्या पेशींना भित्तिका असते. शिवाय बुरशीचा धडा वर्षानुवर्षे वनस्पतिशास्त्रातच असे. १९६९ साली व्हिटेकर यांनी पंचसृष्टी पद्धतीत कवकांना वेगळी सृष्टी दिली, तरी सवय सुटत नाही.

पण भित्तिका कशाची? झाडाची सेल्युलोजची, बुरशीची मुख्यतः कायटिनची. झुरळाच्या कवचात असते तेच कायटिन. झाड स्टार्च साठवते. बुरशी ग्लायकोजेन साठवते आणि उंदराच्या यकृतातही तेच असते. झाड आपले अन्न तयार करते; उरलेल्या दोघांना ते आयते लागते. फरक एवढाच, की उंदीर आधी खातो आणि मग पचवतो. बुरशी विकरे बाहेर सोडून आधी पचवते, मग शोषते. रामारियाच्या अनेक जाती तर झाडाच्या मुळांशी जोडून घेऊन त्याची साखर मिळवतात आणि बदल्यात पाणी व क्षार पुरवतात.

१९९३ साली रेणूंच्या रचनांची तुलना झाली, तेव्हा प्राणी आणि कवके एकाच फांदीवर आली. झाडांची फांदी त्याआधीच वेगळी झाली होती.

या उंदराचे मुख्य अन्नही बुरशीच, पण जमिनीखाली बटाट्यासारखी वाढणारी. रामारियाचे बीजाणू वाऱ्यावर जातात. तिचीच जवळची नातलग गॉटिएरिया मात्र मातीत गाडलेली असते. तिथे वारा कसला पोहोचतो! वासाच्या मागावर आलेले छोटे प्राणी तिला उकरून खातात आणि न पचलेले बीजाणू लेंड्यांतून दूर जाऊन पडतात, कधी एखाद्या कोवळ्या फरच्या मुळापाशी.