मोजमाप प्राध्यापकांचे, संस्थेचे काय?

प्राध्यापकाची पदोन्नती कशी ठरते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांत 'एपीआय' गुण मोजले जात. २०१८ च्या नियमांनुसार नेमलेल्या तासांपैकी ८० टक्के वा अधिक तास घेतल्यास अध्यापनाचा शेरा 'चांगला', ७० ते ८० टक्क्यांना 'समाधानकारक', त्याखाली 'असमाधानकारक'.

पण हे मोजमाप शिक्षकाचे. संस्था भरती, प्रशिक्षण, वेतन, पदोन्नती कशी हाताळते, हे शिक्षकांनाच विचारावे लागते. त्यासाठी बहुधा 'पूर्णपणे सहमत' ते 'पूर्णपणे असहमत' अशा पाच पर्यायांची प्रश्नावली असते.

मेख इथेच आहे. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावरील शिक्षकांना तासांप्रमाणे मानधन मिळते, पदोन्नती नाही. प्रश्नावली फक्त कायम शिक्षकांना दिली, तर त्यांची बाजू नोंदवलीच जात नाही आणि संस्थेचा निकाल प्रत्यक्षापेक्षा चांगला दिसू शकतो.