हवा शुद्ध करणारे दिवे

पिण्याचे पाणी आपण गाळून व उकळून घेतो. परंतु ज्या हवेवाचून आपण पाच मिनिटेही जगू शकत नाही, ती मात्र जशी असेल तशी श्वासावाटे आत घेतो. क्षयाचा किंवा गोवराचा रोगी बंद खोलीत खोकला, म्हणजे त्याच्या मुखातून अतिसूक्ष्म तुषार बाहेर पडतात. त्यांतील पाणी तत्काळ सुकते आणि रोगजंतू बराच वेळ हवेत तरंगत राहतात.

सूर्यप्रकाशाने जंतू मरतात, हे डाउन्स व ब्लंट या इंग्रज शास्त्रज्ञांनी १८७७ साली दाखवून दिले. इंद्रधनुष्यातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे, डोळ्यांना न दिसणारे जे किरण असतात, त्यांस अतिनील किरण म्हणतात. विशिष्ट दिव्यात पाऱ्याच्या वाफेतून वीज खेळविली, की २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचे असे किरण मिळतात. ते जंतूंच्या जनुकद्रव्यास इजा करतात. त्यामुळे जंतूंची वाढ खुंटते.

परंतु जे किरण जंतूंना मारक, तेच माणसाच्या डोळ्यांना व त्वचेलाही अपायकारक! मग माणसे बसलेल्या खोलीत ते वापरावेत कसे? त्यासाठी दिवे डोक्यापेक्षा बरेच उंच बसवितात व खालच्या बाजूस आडोसा करतात. किरण छताजवळच राहतात. खालची उबदार हवा वर चढते, तेथे शुद्ध होते व पुन्हा खाली येते. दिवा पुसण्यासाठी शिडीवर चढण्यापूर्वी मात्र तो बंद करावाच लागतो.

अमेरिकेतील विल्यम वेल्स यांनी फिलाडेल्फियाजवळील शाळांच्या वर्गांत असे दिवे लावले. १९४१ साली तेथे गोवराची साथ आली, तेव्हा या वर्गांतील फारच थोड्या मुलांना गोवर झाला. पुढे बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात क्षयरोग्यांच्या खोल्यांतील हवा नळांवाटे गिनीपिगांच्या दोन कोठ्यांत सोडण्यात आली. एका कोठीकडे जाणाऱ्या हवेवर वाटेत अतिनील किरण टाकले होते. त्या कोठीतील एकाही प्राण्यास क्षयाची बाधा झाली नाही. दुसरीतील अनेकांना झाली.

तथापि अन्य काही शाळांत या दिव्यांचा फारसा उपयोग झाला नाही. तेथील मुले दाटीवाटीने बसमधून शाळेत येत, आणि बसमध्ये दिवे नव्हते! जेथे दिवा असेल, तेथलीच हवा तो शुद्ध करतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवणे व खोकताना तोंडावर रुमाल धरणे, या सवयी आपण कधीही सोडू नयेत.