निकाहनामा वाचायला शिकवणारे प्राचार्य फैजी

बीड, अंबाजोगाई किंवा माजलगावच्या कोर्टात मेहर, तलाक किंवा वारशाचा वाद गेला की वकीलसाहेबांच्या तोंडी बहुधा दोन नावे येतात: मुल्ला आणि फैजी. यातले दिनशा मुल्ला पारशी. दुसरे आसफ अली असगर फैजी, आपल्याच महाराष्ट्राचे. त्यांचा जन्म १८९९ साली माथेरानला, सुलेमानी बोहरा घराण्यात झाला.

केंब्रिजला शिकून ते बॅरिस्टर झाले, मुंबई हायकोर्टात वकिली केली. पुढे ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात शिकवू लागले. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनंतर, १९३८ साली, ते प्राचार्य झाले आणि १९४७ पर्यंत राहिले. स्वातंत्र्यानंतर इजिप्तमध्ये भारताचे राजदूत, मग जम्मू-काश्मीर विद्यापीठाचे कुलगुरू. १९६२ मध्ये पद्मभूषण. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. वर्गात शिकवता शिकवता जमलेली त्यांची जाण १९४९ च्या मुस्लिम कायद्यावरील ग्रंथात उतरली. विद्यार्थी आणि न्यायाधीश तो आजही उघडतात.

त्यांच्या शिकवणीतली एक गोष्ट आपल्या प्रत्येक घराच्या कामाची आहे. निकाहाला धार्मिक आणि सामाजिक बाजू आहेच. पण कायद्याच्या नजरेत तो करारही आहे. कराराला दोघांची रजामंदी लागते आणि शरीयतच्या मर्यादेत त्यात अटी घालता येतात. मेहर किती, त्यातला रोख किती आणि बाकी कधी, हे स्पष्ट लिहिता येते. ठरलेली अट मोडली तर पत्नीला स्वतः तलाक घेण्याचा अधिकार, म्हणजे तलाक-ए-तफवीज, पतीकडून आधीच लिहून घेता येतो.

पत्नीच्या या हक्कावर फैजींनी १९३६ मध्येच लेख लिहिला होता. १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा त्यानंतरचा. पती चार वर्षे बेपत्ता असेल किंवा दोन वर्षे खर्चपाणी देत नसेल, तर या कायद्याने पत्नी कोर्टातून निकाह मोडून घेऊ शकते. २००२ साली, बीड जिल्हा ज्याच्या अखत्यारीत येतो त्या औरंगाबाद खंडपीठाच्या पूर्णपीठानेही बजावले की नुसते ‘तलाक दिला’ म्हणणे पुरेसे नाही. योग्य कारण आणि दोन्हीकडच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न कोर्टात सिद्ध करावा लागतो.

एवढे असूनही आपल्याकडे काय होते? मंडप, जेवणावळ, आहेर यांवर महिनाभर चर्चा चालते आणि निकाहनाम्यावर घाईघाईत सह्या होतात. मेहरचा मोठा आकडा केवळ मिरवण्यापुरता राहतो. संकट आले की तोच कागद शोधावा लागतो, आणि त्यात नेमके हवे ते लिहिलेले नसते.

म्हणून लेकीचा निकाह ठरला की काझीसाहेबांकडून कोरा निकाहनामा आठ दिवस आधी मागून घ्या. घरात सगळ्यांनी मिळून वाचा. मुलीलाही वाचू द्या, तिचे म्हणणे विचारा. एक प्रत तिच्याजवळ ठेवा. फैजी सरांचा धडा गिरवायला लॉ कॉलेजात जावे लागत नाही.