आडवाटेची सायकल सफर : आपल्या भागातील शांत रस्त्यांची ओळख

सायकल म्हटले की आपल्याकडे दोनच चित्रे डोळ्यांसमोर येतात. एक, दप्तर अडकवून शाळेला निघालेला मुलगा. दुसरे, टीव्हीवर दिसणारी शर्यत. यांखेरीज सायकलचा तिसराही एक उपयोग आहे. घाई न करता, गाड्यांच्या गर्दीपासून दूर, गावोगाव बघत, माणसांशी बोलत एक-दोन दिवस फिरून येणे, म्हणजेच सायकल सफर. युरोपात, विशेषतः फ्रान्सच्या ग्रामीण भागात, हा प्रकार शंभर वर्षांहून अधिक काळ रुजलेला आहे. बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमाभागात तो सहज रुजू शकेल असे आम्हांस वाटते. म्हणून विद्यार्थी, पालक आणि विश्वस्त मंडळी या सर्वांसाठी ही माहिती येथे एकत्र देत आहोत.

फ्रान्समध्ये हे कसे घडले?

पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हे सेंट एतिएन या गावचे गृहस्थ. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने ते सायकलविषयीचे मासिक चालवीत. शर्यतीसाठी नव्हे, तर देश पाहण्यासाठी सायकल चालवा, असे त्यांनी आयुष्यभर सांगितले. त्यांचे नियम आजही सांगितले जातात. त्यांचा आशय साधा आहे : भूक लागण्याआधी खा, तहान लागण्याआधी प्या, भूक आणि झोप उडेल इतके दमू नका, आणि दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारू नका. चढावर सोपे जावे म्हणून सायकलला गिअर असावेत, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळी शर्यतवाले गिअरला कमीपणा मानत. फ्रान्सच्या सर्वांत मोठ्या शर्यतीत साखळी सरकवून बदलणाऱ्या गिअरला १९३७ साली परवानगी मिळाली.

फ्रान्समध्ये सर्व प्रकारचे मिळून दहा लाख किलोमीटरांहून अधिक रस्ते आहेत. त्यांतला मोठा हिस्सा गावांना जोडणाऱ्या अरुंद रस्त्यांचा आहे. जड वाहने महामार्गांनी जातात, त्यामुळे हे छोटे रस्ते मोकळे राहतात. तेथील प्रसिद्ध मिशलिन नकाशांत लहान रस्ते पांढऱ्या रंगाने दाखवतात आणि निसर्गरम्य रस्त्याच्या कडेला हिरवी रेघ असते. सायकलवाला नकाशा उघडून पांढरे रस्ते शोधतो आणि निघतो. याशिवाय बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर आणि कालव्यांच्या काठांवर मोटारींना मनाई असलेले मार्ग तयार झाले. २००४ साली तेथील वाहतूक नियमांत अशा मार्गांना स्वतंत्र स्थान मिळाले. तुलूझ शहरापासून समुद्राकडे जाणारा ‘कनाल द्यु मिदी’ हा सुमारे २४० किलोमीटरांचा कालवा सतराव्या शतकातला. एके काळी त्याच्या काठाने घोडे नावा ओढत चालत, आज त्याच काठाने सायकली जातात. लोआर नदीच्या बाजूने तर सुमारे ९०० किलोमीटरांचा सायकल मार्ग आहे. वाटेतल्या खेड्यांतील खानावळी, पाव-भट्ट्या आणि राहण्याच्या खोल्या यांना त्यामुळे उत्पन्न मिळते.

आपल्याकडे काय आहे?

आपल्याकडे कालव्याकाठचे सायकल मार्ग नाहीत, हे खरे. पण पांढरे रस्ते मात्र आहेत. २५ डिसेंबर २००० रोजी प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. सपाट प्रदेशातील पाचशेहून अधिक लोकवस्तीच्या गावांना बारमाही रस्ता द्यावा, हा तिचा हेतू. या रस्त्यांची डांबरी रुंदी साधारण पावणेचार मीटर, म्हणजे एका वाहनापुरती. पुण्याहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६५ हुमनाबादवरून जातो. नांदेड-देगलूरकडून औराद, बिदर, हुमनाबाद, कलबुर्गीकडे जाणारा महामार्ग ५० आहे. ट्रक, टँकर, आरामबस यांचा भार या दोघांवर. त्यांच्या अधेमधे पसरलेले गावरस्ते मात्र दिवसभर बऱ्यापैकी मोकळे असतात.

असा रस्ता ओळखायचा कसा? मुलांनो, रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पाहा. दगडाचे डोके पिवळे असेल तर तो राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य महामार्ग, आणि नारिंगी असेल तर गावरस्ता. फ्रान्समध्ये जे काम नकाशावरचा पांढरा रंग करतो, तेच काम आपल्याकडे हा नारिंगी रंग करतो. त्याशिवाय गावच्या दूधवाल्याला विचारावे. कोणत्या वाटेवर पूल खचला आहे, कोठे खडी उघडी पडली आहे, हे त्याला नकाशापेक्षा नेमके ठाऊक असते.

दुसरी गोष्ट आपल्या परंपरेतली आहे. आषाढीला आपल्या तालुक्यांतून पंढरपूरला पायी दिंड्या जातात. दिवसाचा टप्पा किती ठेवायचा, पाणी कोठे मिळेल, मुक्काम कोणत्या गावच्या मंदिरात करायचा, म्हाताऱ्या माणसाला सांभाळून कसे चालायचे, हे सारे ज्ञान आपल्या गावांतील वारकऱ्यांपाशी आहे. सायकल सफरीला याच ज्ञानाची गरज असते. ते शिकायला फ्रान्सला जावे लागत नाही.

सुरुवातीस योग्य असे काही मार्ग

१. बिदर – चौखंडी – अष्टूर : शहरापासून जेमतेम तीन-चार किलोमीटर. बहामनी सुलतानांच्या कबरी येथे एका रांगेत उभ्या आहेत. अहमदशहा वली यांच्या कबरीला हिंदू आणि मुसलमान दोन्ही समाजांचे लोक येतात. वाटेत हजरत खलीलुल्ला यांची चौखंडी लागते. बिदर शहर लाल जांभ्या दगडाच्या पठारावर वसले आहे. पठार उतरताना लाल माती संपून काळी माती कशी सुरू होते, हे सायकलवरून स्पष्ट दिसते. भूगोलाचा हा धडा बसच्या खिडकीतून निसटून जातो.

२. हुमनाबाद – माणिकनगर – जलसंगी : माणिकनगर हुमनाबादला लागूनच आहे. श्री माणिकप्रभू (१८१७–१८६५) यांनी मराठीबरोबर कन्नड आणि हिंदीतही पदे रचली. जलसंगी येथील चालुक्यकालीन मंदिराच्या भिंतीवर शिलालेख लिहिणाऱ्या स्त्रीचे शिल्प आहे. मुलींनी ते आवर्जून पाहावे. सुमारे नऊशे वर्षांपूर्वीच्या शिल्पकाराला लिहिती स्त्री कोरावीशी वाटली!

३. बसवकल्याण – नारायणपूर : कल्याणी ही चालुक्यांची राजधानी आणि बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांची कर्मभूमी. किल्ला पाहून जवळच्या नारायणपूरच्या शिवमंदिरापर्यंत जाता येते.

४. देवल गाणगापूर – संगम : कलबुर्गी जिल्ह्यातील आमच्या वाचकांसाठी. भीमा आणि अमरजा यांच्या संगमापर्यंतचा छोटा टप्पा लहान मुलांनाही जमेल. पौर्णिमेला आणि गुरुवारी येथे गर्दी असते, म्हणून इतर दिवस निवडावा.

या सर्व ठिकाणी मोठा रस्ता ओलांडावा लागेल, त्या जागी सर्वांनी उतरून, सायकल हातात धरून, एकत्र रस्ता ओलांडावा.

ऋतू, वारा आणि धोके

आपल्याकडे सफरीचा काळ म्हणजे दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. चैत्र-वैशाखात पारा चाळीशी ओलांडतो, तेव्हा सफर नकोच. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटेने जाऊ नये. ती माती चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये अशी भरते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

शांत रस्ता म्हणजे धोका नसलेला रस्ता नव्हे. हिवाळ्यात उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अरुंद रस्त्यावर आला, तर सायकल रस्त्याखाली घेऊन थांबावे, शेजारून निघून जाण्याचा प्रयत्न करू नये. तूर किंवा ऊस उंच वाढलेला असतो तेव्हा वळणापलीकडचे दिसत नाही, तेथे घंटी वाजवून सावकाश जावे. सुगीत रस्त्यावरच रास पसरलेली असते आणि भोवती दगड मांडलेले असतात. बाभळीचे काटे तर बारा महिने. आणि उतारावर पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, दोन्ही ब्रेक हळूहळू लावावेत.

एवढे असूनही गावरस्ता महामार्गापेक्षा बरा, याचे कारण वेगात आहे. वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते. महामार्गावर मागून येणारे वाहन सायकलच्या पाच-सहा पट वेगाने येते. एकपदरी गावरस्त्यावर समोरचा ट्रॅक्टरवालाही दबकत चालवतो, आणि दोघांनाही एकमेकांकडे पाहायला वेळ मिळतो.

तयारी

महागड्या सायकलीची गरज नाही. कर्नाटक शासनाने २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्यास सुरुवात केली. कोविडच्या काळात ते वाटप थांबले, पण त्यांपैकी अनेक सायकली आजही घरामागे गंजत उभ्या आहेत. साखळीला तेल, नवे ब्रेक रबर, ट्यूब-टायरची तपासणी आणि सीटची योग्य उंची, एवढे केले की तीच सायकल सफरीला चालते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील, इतकी सीट वर असावी. गटापाशी पंप, पाना, पंक्चरचे सोल्युशन आणि ठिगळे असावीत. प्रत्येक विद्यार्थ्याला, मग मुलगा असो वा मुलगी, स्वतः पंक्चर काढता आले पाहिजे. डोक्याला हेल्मेट हवेच.

ताशी दहा किलोमीटर हा वेग धरावा. पहिल्या सफरीत वीस किलोमीटर पुरेत, म्हणजे दोन तास सायकल आणि उरलेला दिवस पाहणे, खाणे, बोलणे. शिदोरीला कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि गूळ. गावातल्या हॉटेलात चहा आणि सुशीला घ्यावा, दोन पैसे गावातच राहतात.

हे सारे कशासाठी?

पालकांना आम्ही एक गोष्ट स्पष्टपणे सांगू इच्छितो. नववी-दहावीच्या मुलांच्या हाती आज घराघरांतून स्कूटी दिली जात आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. पण दंडापेक्षा मुलाचा जीव मोलाचा. “सायकल म्हणजे गरिबी” हा समज जोवर घरात आहे, तोवर शाळेतल्या सूचनांचा उपयोग होणार नाही. सायकलला मान मिळायचा असेल, तर तिच्यावरून काही आनंदाचे घडले पाहिजे.

दुसरे कारण भाषेचे आणि नात्यांचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुन्या बिदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले, उरलेल्यापैकी काही भाग आंध्र प्रदेशात गेला आणि बाकीचा म्हैसूर राज्यात आला. नाती मात्र दोन्हीकडे राहिली. आजीच्या तोंडी असलेली सोयऱ्यांची गावे आपल्या मुलांना बसच्या पाटीवरून तेवढी माहीत असतात. सायकलवरून जाताना मुलांना एका गावात मराठीत रस्ता विचारावा लागतो, पुढच्या गावात कन्नडमध्ये. दोन्ही भाषा पोटासाठी नव्हे, पाण्यासाठी आणि वाटेसाठी कामी येतात, तेव्हा त्या परीक्षेपलीकडे जिवंत होतात.

विश्वस्त मंडळास आमची विनंती आहे, की यंदाच्या हिवाळ्यात आठवी आणि नववीच्या विद्यार्थ्यांची एक दिवसाची सफर करून पाहावी. शिक्षण खात्याची परवानगी, पालकांचे लेखी संमतिपत्र, दर आठ मुलांमागे एक शिक्षक, मुलींच्या गटासोबत शिक्षिका, मागून येणारे एक वाहन आणि प्रथमोपचार पेटी या गोष्टी आधी ठरवाव्यात. मार्ग शिक्षकांनी अगोदर स्वतः सायकलवरून पाहून यावा. मुक्कामाच्या सफरीचा विचार त्यानंतर.

विद्यार्थ्यांनी तोवर एक काम करावे. आपल्या गावाभोवतीचे नारिंगी दगडांचे रस्ते वहीत काढून आणावेत. कोठे विहीर, कोठे चिंचेची सावली, कोठे चढ, याची खूण करावी. त्यांतून आपल्या शाळेचा स्वतःचा नकाशा तयार होईल, आणि पहिल्या सफरीचा मार्ग त्यावरूनच ठरवू.