दुखण्याची गोळी घेताना



मोळी उचलताना कंबर धरली, पाणी पाजताना गुडघा सुजला, की आपण दुकानात जाऊन "दुखायची गोळी द्या" म्हणतो. दुकानदार डायक्लोफेनॅक, अ‍ॅसिक्लोफेनॅक नाहीतर ब्रुफेन देतो. तरण्याताठ्या माणसाचे त्यावर भागतेही. परंतु ज्याला बी.पी.ची किंवा हृदयाची गोळी चालू आहे, त्याने ही गोष्ट इतकी सहज घेऊ नये, असे आम्हांस वाटते.

शरीरात सूज व वेदना वाढवणारी द्रव्ये तयार होतात, त्यांची निर्मिती ही औषधे रोखतात. जॉन व्हेन या शास्त्रज्ञांनी 1971 साली हे दाखवून दिले. 1982 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. अडचण अशी की हीच द्रव्ये जठराचे अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाही टिकवतात. तणनाशक मारायला जावे आणि उसालाच लागावे, तशातला प्रकार.

आता बी.पी.चे पाहा. रॅमिप्रिल, एनॅलाप्रिल, लोसार्टन, टेल्मिसार्टन यांपैकी एक गोळी आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी पुष्कळांना चालू असते. त्यांत दुखण्याची गोळी पडली की तिन्ही मिळून मूत्रपिंडाचा दाब इतका उतरतो की गाळण्याचे काम मंदावते. उन्हात घाम गाळलेला, जुलाब-उलट्या झालेल्या किंवा वयस्कर माणसाला हा धोका अधिक. पुन्हा मूत्रपिंड दुखून सांगत नाही. रक्तातील क्रिएटिनिन तपासले तरच कळते. शिवाय अंगात मीठ-पाणी साठून बी.पी.ही वाढते. मग माणूस म्हणतो, बी.पी.ची गोळी लागू पडेना!

(गिधाडे नाहीशी का झाली ते जुन्या सभासदांना ठाऊक असेल. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरे मेल्यावर ती खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. जनावरांसाठी या औषधावर 2006 साली बंदी आली. माणसाचे शरीर गिधाडाइतके नाजूक नाही, एवढेच.)

हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल, तर पोटात रक्तस्राव होण्याची भीती वाढते. प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडबरोबरही तेच. ब्रुफेन अ‍ॅस्पिरिनच्या आधी घेतली, तर अ‍ॅस्पिरिनला तिचे कामच करू देत नाही. "सोबत अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो की!" असे काहीजण म्हणतात. ती पोट सांभाळते, मूत्रपिंड नव्हे. सुई घेतली म्हणूनही सुटका नाही, औषध तेच असते.

साध्या दुखण्याला अशा माणसाने आधी पॅरासिटामॉल विचारावी. चोवीस तासांत 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या ही धडधाकट माणसाची कमाल मर्यादा. रोज दारू घेणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. मात्र पाकीट वाचावे, कारण दुखण्याच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल मुळातच मिसळलेले असते. वर तापाची वेगळी घेतली, की तेच औषध दुप्पट पोटात जाते.

दवाखान्यात जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. "पांढरी, बारकी, रात्रीची" एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही. बी.पी.ची किंवा हृदयाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. आणि शौचास डांबरासारखे काळे झाले, रक्ताची उलटी झाली, लघवी एकदम कमी झाली किंवा पाय-तोंड सुजले, तर दुखण्याची गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. उसाची तोड आली असली तरी.